हन्नाने गाणे कधी म्हटले?

राजांच्या कथा सहसा राजवाड्यात सुरू होतात, नाहीतर रणांगणावर. बायबलच्या जुन्या करारातली शमुवेलाची दोन पुस्तके ही इस्राएलच्या पहिल्या राजांची कथा आहे. शौल राजा कसा झाला, मेंढरे राखणारा दावीद सिंहासनापर्यंत कसा पोचला, राज्य कसे उभे राहिले आणि राजाचे घर कसे फाटत गेले, हे सगळे त्यांत आहे. पण पहिले पुस्तक उघडले की राजाही दिसत नाही आणि सैन्यही दिसत नाही. दिसते एक बाई. सणाचे जेवण समोर वाढलेले आहे आणि तिच्या घशाखाली घास उतरत नाही. तिला मूल नाही.

तिचे नाव हन्ना. एका राष्ट्राचा इतिहास सांगायला बसावे आणि सुरुवात एका निपुत्रिक बाईच्या रडण्यापासून करावी, असे ज्या कुणा प्राचीन लेखकाला सुचले, त्याच्या धाडसाचे मला प्रत्येक वाचनात नव्याने आश्चर्य वाटते. जेमतेम दीड-दोन पानांची ही कथा तीन हजार वर्षांच्या आसपास टिकली आहे. तिच्यातून ज्यूंच्या प्रार्थनेचे नियम निघाले, येशूच्या आईच्या गाण्याला सूर मिळाला, आणि तिचे धागे कोकणातल्या व गोव्यातल्या गावांपर्यंत येऊन पोचले आहेत. या कथेत हन्ना देवाचे आभार मानणारे एक गाणे म्हणते. ते ती नेमके कोणत्या दिवशी म्हणते, हे नीट पाहिले की कथेचा सगळा अर्थच पालटतो.

शिलोची वारी

काळ इसवी सनापूर्वी ११व्या शतकाच्या आसपासचा. इस्राएल लोकांना तेव्हा राजा नव्हता. यरुशलेम त्यांची राजधानी झाली नव्हती, शलमोनाचे मंदिर अजून बांधायचे होते. लोक कुळाकुळांनी डोंगराळ मुलखात राहत, आणि त्यांच्या देवाच्या कराराचा कोश शिलो नावाच्या गावातल्या मंदिरात ठेवलेला होता. एफ्राईमच्या डोंगरात राहणारा एलकाना दरवर्षी आपले सगळे घर घेऊन शिलोची वारी करी. त्याला दोन बायका होत्या. पनिन्नाला मुले होती. हन्नाला नव्हती.

शिलो हे गाव कल्पनेतले नाही. ‘शास्ते’ या पुस्तकात तर त्याचा पत्ताच दिला आहे: बेथेलच्या उत्तरेला, बेथेलहून शखेमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेला, लबोनाच्या दक्षिणेला. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने ही जागा ओळखली. यरुशलेमच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर, आजच्या वेस्ट बँकमध्ये ती टेकडी आहे. १९२०च्या दशकात डॅनिश पथकाने तिथे उत्खनन केले. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएल फिंकेलस्टाईन यांच्या पथकाने खणले तेव्हा खांबांच्या इमारती सापडल्या, त्यांत धान्य, तेल किंवा दारू साठवायचे मोठमोठे रांजण होते, आणि सगळीकडे आगीच्या खुणा होत्या. इसवी सनापूर्वी ११व्या शतकाच्या मध्याला हे गाव जळाले असे अभ्यासक मानतात. पुढे कित्येक पिढ्यांनी यिर्मया हा संदेष्टा यरुशलेमच्या लोकांना बजावतो की शिलोचे काय झाले ते जाऊन पाहा. हन्ना नावाच्या बाईचा पुरावा मातीत सापडणार नाही. पण जिथे तिची कथा घडते ते गाव होते, नांदते होते, आणि नंतर उजाड झाले. मंदिराच्या भिंती गेल्या, आणि त्या भिंतींशी रडलेल्या बाईची गोष्ट मात्र राहिली.

वाढलेले ताट

त्या काळच्या यज्ञात एक भाग वेदीवर जाई, एक याजकाला मिळे, आणि उरलेले मांस घरचे सगळे मिळून देवासमोर खात. सणाचे जेवणच ते. एलकाना वाटे घालायला बसे. पनिन्नाचा वाटा, मग तिच्या प्रत्येक मुलाचा, प्रत्येक मुलीचा. आणि मग हन्नाचा. मूळ हिब्रूत इथे एक अवघड शब्दप्रयोग आहे. कुणी त्याचा अर्थ ‘दुप्पट वाटा’ असा लावतात, तर प्राचीन ग्रीक भाषांतरात तिला एकच वाटा मिळतो. दोन्ही वाचनांत दुःख तेच आहे. एकच वाटा मिळाला तर आपल्या मागे कुणी नाही हे पानावरच दिसते. दुप्पट मिळाला तर नवऱ्याला आपली कीव येते हे सगळ्यांना दिसते.

आणि समोर सवत. पनिन्ना तिला वर्षानुवर्षे टोचून बोलत राहिली, आणि नेमकी या वारीतच बोलत राहिली, असे कथा सांगते. वर्षातला जो दिवस देवाच्या दारी आनंदाने जेवायचा, तोच हन्नासाठी सर्वांत कठीण दिवस होता. ज्या घरांत मुलाची वाट पाहिली गेली आहे, तिथे हे लगेच कळेल. एरवीचे दिवस कसेबसे निघून जातात. सणावाराला, बारशाला, ओटी भरण्याच्या वेळी माणूस कोलमडतो.

एलकाना वाईट माणूस नाही. त्याचे हन्नावर प्रेम आहे, असे कथा स्पष्ट म्हणते. तो तिला विचारतो की तू का रडतेस, का जेवत नाहीस, आणि मी तुला दहा मुलांहून अधिक नाही का? या प्रश्नात माया आहे आणि आंधळेपणाही आहे. त्याची अपेक्षा अशी की आपले प्रेम तिच्या दुःखावर पुरून उरावे. स्वतःला मुले असलेल्या पुरुषाने निपुत्रिक बायकोला हा प्रश्न विचारावा, यातली विसंगती त्याच्या लक्षात येत नाही. हन्ना काय उत्तर देते? कथा तिला उत्तर देऊ देत नाही. ती उठते आणि मंदिराकडे जाते.

हे उठणे फार मोठे आहे. बायबलमध्ये मुलासाठी झुरणाऱ्या स्त्रिया हन्नाआधीही आहेत. सारा वाट पाहून थकते आणि आपली दासी अब्राहामाला देते. रिबकासाठी तिचा नवरा इसहाक प्रार्थना करतो. राहेल याकोबावरच चिडते आणि मूल दे नाहीतर मी मरेन म्हणते. शमशोनाच्या आईला देवदूत येऊन सांगतो. हन्नाकडे देवदूत येत नाही, तिच्यासाठी कुणी प्रार्थनाही करत नाही. ती स्वतः देवाच्या दारात उभी राहते आणि स्वतःच्या तोंडाने नवस बोलते.

ओठ हलत होते, आवाज नव्हता

तिचा नवस असा: मला मुलगा दिलास, तर त्याला मी आयुष्यभरासाठी तुलाच देईन, आणि त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. केस न कापणे ही ‘नाजीर’ म्हणजे देवाला वाहिलेल्या माणसाची खूण. मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या चौथ्या गुहेत १९५२ मध्ये शमुवेलाच्या पुस्तकाची दोन हजार वर्षांपूर्वीची गुंडाळी सापडली. तिच्यात तर हा मुलगा नाजीर होईल असे स्पष्ट लिहिले आहे.

नवसाचे आपल्याला नवल नाही. पण हन्नाचा नवस जरा थांबून पाहावा. एरवी नवस बोलणारा देवाला दुसरे काहीतरी देऊ करतो: पैसा, दागिना, जेवणावळ, पायी वारी. हन्ना जे मागते आहे तेच परत देऊ करते. मांडीवर मूल हवे म्हणून ती आयुष्यभर तळमळली, आणि मागताना म्हणते की ते मांडीवर ठेवून घेणार नाही. मग तिला नेमके काय हवे होते? म्हातारपणीचा आधार नाही, कारण मुलगा दूर मंदिरात राहणार. घरातला मान म्हणावा, तर तो थोडाफार मिळेल. मला वाटते, तिला आई व्हायचे होते. मुलाची मालकीण व्हायचे नव्हते. हा फरक तिने दुःखाच्या तळाशी जाऊन ओळखला होता.

दाराच्या खांबापाशी एली हा वृद्ध याजक बसला होता. त्याला दिसले की बाईचे ओठ हलताहेत आणि आवाज काहीच येत नाही. त्या जगात प्रार्थना मोठ्याने म्हणायची गोष्ट होती. एलीने ठरवून टाकले की ही प्यायलेली आहे, आणि तिला दारू उतरव म्हणून दटावले. याच एलीची स्वतःची मुले, हफनी आणि फिनहास, मंदिरात याजक होती. यज्ञाचे मांस शिजत असताना त्यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन येई आणि मिळेल ते ओढून नेई. घरातले पाप थोपवू न शकलेला याजक दारातल्या प्रार्थनेलाच पाप समजतो. कथाकार त्याला शिव्या देत नाही. नुसते दोन प्रसंग शेजारी ठेवतो आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोडतो.

हन्नाचे उत्तर हा कथेचा कणा आहे. ती खाली मान घालून निघून जात नाही, भांडतही नाही. ती आदराने सांगते की महाराज, मी प्यायलेली नाही, मी दुःखी बाई आहे, मी देवासमोर माझा जीव ओतत होते, मला वाईट चालीची समजू नका. आणि एली, हे त्याचे मोठेपण, तत्काळ आपला सूर बदलतो. शांतीने जा, म्हणतो, आणि तू जे मागितलेस ते देव तुला देवो असा आशीर्वाद देतो.

पुढे अनेक शतकांनी तालमूदच्या ‘बराखोत’ या भागात रब्बींनी हा प्रसंग वाचला आणि म्हटले की प्रार्थनेचे कितीतरी मोठे नियम हन्नाकडून शिकता येतात. प्रार्थना हृदयातून व्हावी. ओठांनी शब्द उच्चारावेत. आवाज मात्र चढवू नये. नशेत प्रार्थना करू नये. आणि कुणात वावगे दिसले तर गप्प बसू नये, पण खोटा आळ घेतला असेल तर त्याची समजूत घालून आशीर्वाद द्यावा. आजही जगभरचे ज्यू आपली मुख्य प्रार्थना उभ्याने, ओठ हलवत, पुटपुटत म्हणतात, आणि तिच्या पद्धतीचा दाखला म्हणून हन्नाचे नाव घेतात. ज्या प्रार्थनेला मंदिराचा याजक दारू समजला, तीच सगळ्यांच्या प्रार्थनेचा नमुना झाली. त्याच रब्बींनी आणखी एक गोष्ट टिपली आहे: देवाला ‘सेनाधीश परमेश्वर’ अशी हाक पहिल्यांदा कुणी मारली असेल, तर ती हन्नाने. अब्राहामाने नाही, मोशेने नाही.

काहीच घडले नव्हते तेव्हा

एलीचा आशीर्वाद घेऊन हन्ना परत येते. आणि इथे एक लहानसे वाक्य आहे, जे सहज नजरेतून निसटते. ती जेवली, आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा खिन्न राहिला नाही.

काय बदलले होते? काहीच नाही. मूल पोटात नव्हते. देवाचा आवाज आला नव्हता. पनिन्ना तिथेच होती. एलीने आशीर्वाद दिला खरा, पण हन्नाने काय मागितले हे त्याला ठाऊकही नव्हते, कारण तिने ते सांगितलेच नव्हते. तिच्याजवळ कसलीही हमी नव्हती, आणि तरी तिने घास तोंडात घातला.

श्रद्धा हा शब्द आपण फार सैल वापरतो. हवे ते मिळणारच अशी खात्री म्हणजे श्रद्धा, असे पुष्कळदा समजले जाते. हन्नाची कथा दुसरेच काही दाखवते. तिने आपले दुःख झाकले नाही, ते सबंध बाहेर काढले आणि जिथे ठेवायचे तिथे ठेवले. उत्तर येण्याआधी ती हलकी झाली, कारण ओझे आता तिच्या एकटीचे राहिले नव्हते. कथेतला पहिला चमत्कार कोणता, असे विचारले तर मी या जेवणाकडे बोट दाखवीन.

नवस फेडताना

यथाकाल मुलगा झाला. तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले. पुढच्या वर्षी एलकाना वारीला निघाला, तेव्हा हन्ना गेली नाही. मूल अंगावरचे दूध सोडेपर्यंत थांबते, म्हणाली. त्या काळी मुले बरेच दिवस अंगावर पीत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातली एक आई आपल्या मुलाला तीन वर्षे दूध पाजल्याचे सांगते. म्हणजे हन्नाकडे शमुवेल असा दोन-तीन वर्षे होता. हसू लागला, रांगू लागला, बोलू लागला असेल. रोज एक दिवस कमी होत होता, आणि ते तिला ठाऊक होते.

तिला यातून सुटता आले असते. बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकात कायदा आहे की बायकोने नवस केला आणि नवऱ्याने तो ऐकल्या दिवशी नाकारला, तर नवस रद्द होतो. एलकानाने तो रद्द केला नाही. तुला योग्य वाटेल ते कर, एवढेच म्हणाला. आधी ज्याला तिचे दुःख कळले नव्हते, त्याने आता तिच्या शब्दाचा मान राखला. ‘लेवीय’ पुस्तकात तर देवाला वाहिलेल्या माणसाच्या बदली द्यायचे मोलही ठरवून दिले आहे: एक महिना ते पाच वर्षांच्या मुलासाठी पाच शेकेल चांदी. वाट होती. हन्ना त्या वाटेने गेली नाही.

मूल दूध सोडते झाल्यावर ती त्याला घेऊन शिलोला निघाली. सोबत एफाभर पीठ, म्हणजे आजच्या मापाने वीस लिटरच्या वर, आणि द्राक्षारसाचा बुधला. बैल किती होते, यावर हस्तलिखितांत मतभेद आहे. पारंपरिक हिब्रू प्रतीत तीन बैल आहेत. ग्रीक भाषांतरात आणि कुमरानच्या गुंडाळीत तीन वर्षांचा एक बैल आहे, आणि पुढच्याच ओळीत एकच बैल कापला जातो. म्हणून पुष्कळ अभ्यासक दुसरे वाचन खरे मानतात. एवढासा तपशील, पण त्यासाठी दोन हजार वर्षे गुहेत पडून राहिलेली कातड्याची गुंडाळी साक्षीला आली, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

एलीपुढे उभी राहून तिने ओळख दिली: इथे तुमच्याजवळ उभी राहून प्रार्थना करणारी बाई ती मीच, आणि मी याच मुलासाठी प्रार्थना केली होती. मग तिने मुलाला तिथे ठेवले.

आणि मग तिने गाणे म्हटले.

बाळ पोटात आहे हे कळले तेव्हा नाही. बाळ जन्मले तेव्हा नाही. नाव ठेवले त्या दिवशीही नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातले ते आनंदाने भरलेले स्तोत्र येते ते मुलाला मंदिरात सोडून हात रिकामे झाल्यावर. मिळाल्याचा आनंद सगळ्यांनाच होतो, त्यासाठी श्रद्धा लागत नाही. मिळालेले आपले नव्हतेच, ते दिलेले होते, हे ज्याला कळते त्याची कृतज्ञता देतानाही आटत नाही. हन्नाच्या कथेने मला शिकवलेली गोष्ट ती हीच.

गाण्यात मूल कुठे आहे?

या गाण्यात शमुवेलाचे नाव नाही. बाळाच्या गालांचे वर्णन नाही. हन्ना गाते ते बलाढ्यांच्या मोडलेल्या धनुष्यांबद्दल, काल तृप्त असलेले आज भाकरीसाठी मोलमजुरी करतात त्याबद्दल, भुकेल्यांची भूक शमते त्याबद्दल. देव गरिबाला धुळीतून उचलतो आणि सरदारांच्या पंगतीला बसवतो, असे ती गाते. तिला स्वतःला जे झाले ते तिने सगळ्या दुबळ्यांच्या नावाने पाहिले. कृतज्ञता खरी असली की ती अशी पसरते, स्वतःच्या घरापुरती राहत नाही.

वांझ स्त्री सात मुलांना जन्म देते, असेही गाण्यात आहे. पुढे हन्नाला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या, म्हणजे शमुवेल धरून सहा. सात ही बायबलमध्ये पूर्णतेची संख्या आहे. गाण्याच्या शेवटी देवाच्या राजाचा आणि अभिषिक्ताचा उल्लेख येतो, आणि इस्राएलात तर अजून राजाच नव्हता. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की हे स्तोत्र मुळात वेगळे असावे आणि कथाकाराने ते हन्नाच्या तोंडी घातले असावे. तसे असेल तर कथाकाराची निवड आणखी अर्थपूर्ण ठरते. पुस्तकातले राजसत्तेचे पहिले भाकीत त्याने सेनापतीला दिले नाही, याजकालाही दिले नाही. मुलाला निरोप देणाऱ्या आईला दिले. आणि तिचा तोच मुलगा पुढे शौलाच्या आणि दाविदाच्या डोक्यावर अभिषेकाचे तेल ओततो.

हजारएक वर्षांनी लूकच्या शुभवर्तमानात येशूची गरोदर आई मरिया गाते, तेव्हा तिच्या गाण्यात हन्नाचा सूर स्पष्ट ऐकू येतो. सामर्थ्यवान खाली येतात, दीन वर जातात, भुकेल्यांना तृप्त केले जाते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहिलेल्या याकोबाच्या आद्यशुभवर्तमानात तर मरियेच्या आईवडिलांची कथाच हन्नाच्या कथेवर बेतलेली आहे: मूल नसलेले योआकिम आणि अन्ना, देवाला वाहिलेले मूल, आणि तिसऱ्या वर्षी मंदिरात सोडलेली मरिया. अन्ना हे हन्नाचेच ग्रीक रूप.

कोकणात, गोव्यात, वांद्र्यात

ही संत अन्ना पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. तळावली इथले सांत आना चर्च १७व्या शतकातले आहे. जुलैच्या अखेरीस तिथे तवशांचे फेस्त भरते. मूल हवे असलेली जोडपी तवसे वाहतात आणि संत अन्नाकडे लेकरू मागतात. मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाची बाळे वाहिली जातात, आणि वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. इथे जिचा नवस बोलतात, ती मरिया स्वतः हन्नाच्या सुरात गायलेली.

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, म्हणजे बेने इस्राएलांकडे, तर हन्नाची कथा थेट आहे. ज्यू नववर्षाच्या, रोश हशानाच्या पहिल्या दिवशी सभास्थानांत संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला जो भाग वाचतात तो हाच: हन्नाची प्रार्थना आणि तिचे गाणे. बेने इस्राएल या दिवसाला पूर्वापार ‘नव्याचा सण’ म्हणत. मनातली इच्छा पुरी झाली की एलिया हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करायची त्यांची रीत आहे. गोड पोहे, खोवलेला नारळ, फळे, आणि जमलेल्यांनी मिळून म्हटलेली आभाराची प्रार्थना. मुंबईतले पहिले सभास्थान १७९६ मध्ये बांधले ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. ते कंपनीच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटले, आणि त्या सुटकेचे आभार म्हणून त्यांनी सभास्थान उभारले, अशी परंपरा आहे. त्यांचे हिब्रू नाव शमुवेल. हन्नाच्या मुलाचे नाव लावणाऱ्या माणसाने आपली कृतज्ञता दगडविटांत बांधून ठेवली.

दरवर्षी एक अंगरखा

कथेतला सर्वांत हळवा तपशील गाण्यानंतर येतो. दरवर्षी वारीला येताना हन्ना शमुवेलासाठी एक छोटा अंगरखा शिवून आणी. एकच वाक्य. पण जरा विचार करा. मूल समोर नाही, मापाला उभे करता येत नाही. वर्षभरात तो किती वाढला असेल, खांदे किती रुंदावले असतील, हे तिला दुरून अंदाजानेच ठरवावे लागत असणार. देवाला दिले म्हणजे मन तोडून टाकले, असे या आईने केले नाही. तिने मूल दिले आणि प्रेम चालू ठेवले.

त्या कपड्यासाठी हिब्रूत जो शब्द आहे, तोच शब्द पुस्तकाच्या शेवटाकडे पुन्हा येतो. एन-दोर इथली बाई शौलाच्या आग्रहावरून मेलेल्या शमुवेलाला बोलावते. कोण दिसतो, असे राजा विचारतो. ती सांगते की एक म्हातारा वर येतो आहे, अंगरखा पांघरलेला. एवढ्या खुणेवरून शौल ओळखतो की हा शमुवेलच. राजांना घडवणारा आणि मोडणारा हा संदेष्टा मरणानंतरही ओळखला जातो तो त्या वस्त्रावरून, ज्याची सवय त्याला आईने लावली होती.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. हन्नाला शेवटी मूल झाले. ज्यांना होत नाही, त्यांनी ही कथा कशी वाचावी? प्रार्थना पुरी मनापासून केली नाही म्हणून कूस रिकामी राहिली, असे सांगणारे लोक प्रत्येक धर्मात भेटतात. ते हन्नाची कथा चुकीची वाचतात. कथेत हन्नाला कुठल्याही पापाचा दोष दिलेला नाही, आणि पनिन्नाची भरलेली ओटी तिच्या पुण्याईचे फळ ठरवलेली नाही. हन्नाचा चेहरा उजळला तो मूल होण्याआधी, आणि ती गायली ती मूल दिल्यानंतर. या दोन्ही क्षणी तिचे हात रिकामे होते. मूल असणे आणि नसणे यांवर या कथेने माणसाचे मोल ठरवलेले नाही, म्हणूनच ती रिकाम्या ओटीच्या बाईचीही आहे.

आपल्या घरांत आजही ‘काही गोड बातमी?’ असे सहज विचारले जाते. पनिन्नाने जाणूनबुजून जे केले, ते आपण पुष्कळदा नकळत करतो. एलीसारखा चुकीचा अंदाज तर कुणाचाही होईल. पण एली चूक कळताच थांबला, आणि काय मागितलेस हे न विचारता आशीर्वाद देऊन मोकळा झाला. तेवढे तरी आपल्याला जमायला हरकत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय वाचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. कुठल्याही धर्माच्या वाचकाने ते एकदा वाचावेत, आणि पुढच्या सणाला पंगतीत कुणी न जेवता बसलेली दिसली, तर तिला प्रश्न विचारण्याआधी हन्नाची आठवण ठेवावी.